टॅलीवाल्या मुलीला काढू नका

गोव्यातल्या हरमलहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचं बारा खोल्यांचं गेस्ट हाउस आहे आणि जोडीला घरचा काजूचा धंदा. बी विकत घ्यायची, फोडायची, भाजायची आणि म्हापशाच्या दुकानात विकायची. दोन्ही धंदे ताईंच्याच नावावर, एकच पॅन, एकच जीएसटी नंबर. बी.कॉम. झालेली एक मुलगी आठवड्यातून तीन दिवस येऊन टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, एंट्र्या करते आणि मार्च संपला की सगळा डेटा सीएंकडे जातो. यंदा सीए म्हणाले, "आता एक चांगला अकाउंटंट ठेवा." ताईंचा प्रश्न असा की मुलगी करते ते अकाउंटिंग नाही तर काय? हिला काढून अकाउंटंट ठेवायचा की दोघांना पगार द्यायचा? शिवाय पुढच्या वर्षी चार खोल्या वाढवायला कर्ज काढायचंय, त्याला हे हिशेब चालतील का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. मुलीला काढू नका, उलट तिचे दिवस वाढवा. पूर्णवेळ अकाउंटंटची तुम्हाला आज गरज नाही. महिन्यातून एक-दोन दिवस बसून तिचं काम तपासणारा आणि अडलेल्या जागी निर्णय देणारा माणूस हवा. सीएंना बहुधा तेच म्हणायचं असणार. आमच्या धंद्यात घाईघाईने बोलायची सवय असते आणि "अकाउंटंट ठेवा" म्हटलं की समोरच्याला पस्तीस-चाळीस हजारांचा पगार दिसतो.

आता दोघांच्या कामातला फरक. काय घडलं ते बुककीपर, म्हणजे तुमची टॅलीवाली मुलगी, लिहिते. बिल आलं, पैसे गेले, पैसे आले, बँकेत जमा झाले. प्रत्येक गोष्टीला कागद, तारीख आणि खातं. त्या घडलेल्या गोष्टीला हिशेबात काय म्हणायचं हे अकाउंटंट ठरवतो: विक्री की अनामत, खर्च की मालमत्ता, या वर्षाचं की पुढच्या. ऐकायला सोपं वाटतं, पण तुमच्यासारख्या धंद्यात जी गडबड होते ती नेमकी या दोन कामांच्या मधल्या पट्ट्यात. तुमच्याच गेस्ट हाउसचा एक व्यवहार उलगडून दाखवतो.

पाहुण्याने बुकिंग साइटवरून एक रात्र ६,००० रुपयांना खोली घेतली. खोली ७,५०० किंवा त्याखाली असल्याने २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३०० रुपये. पाहुण्याने दिले ६,३००. साइट भारतात नोंदलेली आहे आणि कमिशन १८ टक्के आहे असं धरू: १,०८० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १९४ रुपये ४० पैसे. शिवाय साइट जीएसटी कायद्याखाली ०.५ टक्का टीसीएस कापते, ३० रुपये, आणि प्राप्तिकराचा ०.१ टक्का टीडीएस, ६ रुपये; दोन्ही तुमच्या नावावर आधीच कापून सरकारकडे भरले जाणारे कर. हे सगळं वजा होऊन तुमच्या बँकेत येतात ४,९८९ रुपये ६० पैसे.

मुलीसमोर काय असतं? बँकेचं स्टेटमेंट. त्यात एक ओळ, ४,९८९.६०. ती एफ६ दाबून रिसीट करते, खातं "रूम भाडं", आणि महिन्याच्या शेवटी त्यातूनच ५ टक्के उलटे काढून विक्री ४,७५२ दाखवते. प्रामाणिक काम आहे. बँकेशी पैसा न् पैसा जुळतो.

पण साइटने तुमच्या जीएसटी नंबरावर सरकारला कळवलेली विक्री आहे ६,०००. प्राप्तिकराच्या एआयएसमध्येही, म्हणजे त्या खात्याकडे तुमच्या नावावर जमा झालेल्या माहितीच्या पत्रकातही, ६,०००. तुमच्या पुस्तकात ४,७५२. एका खोलीमागे एका रात्रीला १,२४८ रुपयांची विक्री गायब आणि जीएसटी ३०० ऐवजी २३७.६० भरला, म्हणजे ६२.४० कमी. त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज. कापले गेलेले ३६ रुपये तुमचेच, पण ते कुठेच लिहिले नाहीत म्हणून कुणी मागायलाही गेलं नाही. टीसीएसचे ३० रुपये जीएसटी पोर्टलवर तुम्ही स्वीकारल्याशिवाय तुमच्या कॅश लेजरला, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्याला, येत नाहीत. आणि यातली खरी मेख अशी की नफ्यात जेमतेम २६ रुपयांचा फरक पडतो, कारण विक्रीही कमी आणि कमिशनचा खर्चही नाही. वर्षाअखेरीस सीए नफा बघतो, तो गेल्या वर्षीसारखाच दिसतो, आणि चूक कुणाच्या नजरेला येत नाही. येते ती दोन वर्षांनी, नोटीस बनून.

योग्य नोंद अशी. साइटच्या नावाने पार्टी खातं उघडायचं. विक्री पूर्ण ६,३०० ची त्या खात्याला. कमिशन, कमिशनवरचा जीएसटी, टीसीएस, टीडीएस हे जर्नलने त्याच खात्यातून वजा. मग बँकेची रिसीट. पार्टीचं खातं शून्यावर आलं की नोंद बरोबर, नाही आलं तर साइटकडून काहीतरी यायचं बाकी आहे. ही पद्धत एकदा बसवून द्यायला अकाउंटंटला तासभर पुरतो. पुढे हंगामात शेकडो वेळा तीच नोंद करायला अकाउंटंट लागत नाही, नेटकी मुलगी लागते. तिला साइटचं महिन्याचं स्टेटमेंट डाउनलोड करून द्यायला मात्र कुणाला तरी सांगावं लागतं. बहुतेक ठिकाणी लॉगिन मालकाच्या मुलाच्या फोनवर असतं आणि हिशेब लिहिणाऱ्या बाईला असं काही स्टेटमेंट असतं हेच ठाऊक नसतं.

काजूकडे येऊ. इथे तर एका प्रश्नावर सगळं अडतं: बी कुणाकडून घेतली? स्वतः पिकवणाऱ्याकडून न फोडलेली काजू बी नोंदणीकृत व्यापाऱ्याने घेतली तर जीएसटी घेणाऱ्याने भरायचा, म्हणजे रिव्हर्स चार्ज. एक लाखाची बी घेतली तर ५,००० रुपये रोख भरायचे, क्रेडिट (खरेदीवर आधी दिलेल्या कराची वजावट) वापरून नाही, आणि स्वतःच स्वतःच्या नावे बिल फाडायचं, माल आल्यापासून ३० दिवसांत. भरलेले ५,००० पुढे काजूच्या विक्रीवरच्या करातून वळते होतात, म्हणजे खिशाला फारशी चाट नाही. विसरलात तर मात्र व्याज. तीच बी म्हापशातल्या नोंदणीकृत दलालाकडून घेतली तर तो बिलात कर लावतो, तुमच्यावर रिव्हर्स चार्ज नाही. रोख रकमेचंही तसंच. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिले तर तो खर्च प्राप्तिकरात अमान्य होतो, पण शेतमाल पिकवणाऱ्याला दिलेल्या पैशाला त्यातून सूट आहे. दलालाला ती नाही.

तुमच्या मुलीच्या व्हाउचरवर आज "काजू खरेदी, रोख, ४२,०००" एवढंच असतं असं मी धरून चालतो, कारण दहातल्या नऊ ठिकाणी मी तेच पाहतो. त्यावर विकणाऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव, सही आणि "स्वतःचं पीक" की "व्यापारी" एवढं आलं पाहिजे. त्याच क्षणी लिहिलं तर दोन मिनिटांचं काम. पुढच्या सप्टेंबरात जगातला कुठलाही सीए ते शोधून काढू शकत नाही. म्हणून म्हणतो, पैसे आधी लिहिणारीवर खर्च करा. कच्ची नोंद भिकार असेल तर वर कितीही हुशार माणूस बसवा, तो अंदाजच लिहील.

यापुढचं काम मात्र खरंच अकाउंटंटचं. ५ टक्क्यांच्या खोल्यांवर इनपुट क्रेडिट मिळत नाही, काजूवर मिळतं. जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विकणाऱ्यांनी तुमच्या नंबरावर लावलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, दोन्हीकडची बिलं एकत्र येतात. चादरी, साबण, एसीची दुरुस्ती, काजूच्या पिशव्या, सगळं एका यादीत. "२बी मध्ये दिसतंय, घेऊन टाकू" असं करून खोल्यांच्या खरेदीचं क्रेडिट घेतलेले कितीतरी हिशेब माझ्याकडे येतात. काजूचं पूर्ण घ्यायचं, खोल्यांचं सोडायचं आणि सीएची फी, फोन, टॅलीचं लायसन्स असल्या सामाईक खर्चाचं उलाढालीच्या प्रमाणात वाटायचं. कुठलं बिल कुठल्या बाजूचं ही खूण मुलीने एंट्री करतानाच मारायची, वाटप अकाउंटंट करील.

नाताळची बुकिंगं सप्टेंबरपासून येतात. आगाऊ घेतलेले पैसे ताळेबंदात देणं म्हणून बसतात, पाहुणा राहून गेल्यावर विक्री. पण सेवेच्या आगाऊ रकमेवर जीएसटी मात्र पैसे आले त्याच महिन्यात लागतो. म्हणजे जीएसटीची विक्री आणि नफा-तोट्याची विक्री यांत फरक राहणारच, आणि तो का आहे याचं एक पान कुणीतरी लिहून ठेवायला हवं. तसंच ३१ मार्चचा साठा. काजूचा हंगाम त्या तारखेच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला. गुदामात बी भरलेली असते, थोडी फोडलेली, थोडी भाजलेली. त्या दिवशी वजन करून ठेवणं हे मुलीचं काम. साठा पडलेल्या किमतीला धरायचा की बाजारभावाला, यातला कमी कुठला, फोडणावळ किती चढवायची, हे अकाउंटंटचं. साठा वीस हजारांनी इकडे-तिकडे झाला की नफा तेवढ्यानेच इकडे-तिकडे होतो. पावसाळ्याआधी केलेली रंगरंगोटी खर्चात जाते, नवीन छप्पर घातलंत तर ती मालमत्ता, तिच्यावर घसारा. ही यादी लांबवत नाही.

आगाऊ कराचं, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायच्या प्राप्तिकराचं, वेळापत्रक मात्र गोव्याच्या धंद्याला फार जाचक आहे आणि त्यावर कुणी फारसं बोलत नाही. १५ डिसेंबरपर्यंत वर्षाच्या कराचे ७५ टक्के भरायचे असतात. किनाऱ्यावरच्या गेस्ट हाउसची सगळ्यात मोठी कमाई त्यानंतरच्या तीन आठवड्यांत होते. म्हणजे न झालेल्या कमाईचा अंदाज बांधून कर भरायचा. अंदाज कमी पडला तर व्याज, जास्त झाला तर ऐन हंगामाच्या तोंडावर पैसा अडकला. बुककीपर हा आकडा देऊ शकत नाही, तिच्याकडे झालेल्या गोष्टी असतात. तुमची बुकिंगं, गेल्या दोन वर्षांचा डिसेंबर आणि काजूचा साठा समोर ठेवून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस बसणारा माणूस, त्याला मी अकाउंटंट म्हणतो.

आणि गोव्याबाहेरून आलेल्या, किंवा नुसत्या ऑनलाइन काम करणाऱ्या अकाउंटंटांना हमखास ठाऊक नसलेली गोष्ट. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू असल्याने लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते. प्राप्तिकर कायदा ते मानतो. पगार सोडून बाकी उत्पन्न, त्यात धंद्याचा नफाही आला, दोघांत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचं. दोन्ही धंदे मिळून २० लाख नफा झाला असं समजू. एकट्या तुमच्या नावावर २०२५-२६ च्या नव्या कररचनेत कर होतो २ लाख, उपकरासह २ लाख ८ हजार. तोच १०-१० लाख वाटला आणि तुमच्या यजमानांचं दुसरं उत्पन्न नसेल, तर १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे दोघांचाही कर शून्य. यजमान नोकरीत असतील तर गणित वेगळं: त्यांचा पगार वाटला जात नाही, पण तुमचा निम्मा नफा त्यांच्या पगारात मिळवला जातो आणि त्यांचा टप्पा वाढू शकतो. ही सवलत म्हणून निवडायची गोष्ट नव्हे, संहिता लागू असेल तर वाटप करावंच लागतं. टीडीएसही वाटला जातो, यजमानांचं विवरणपत्र वेळेवर भरावं लागतं, आगाऊ कराचा हिशेबही दोघांचा स्वतंत्र. जीएसटी मात्र ज्याच्या नावावर धंदा त्याचाच, तो वाटत नाहीत. मुलाखतीला येणाऱ्या माणसाला हे एवढंच विचारा. अडखळला तर चहा पाजा आणि पाठवा. (१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून मी मुद्दाम क्रमांक देत नाही. क्रमांक पाठ असलेल्यापेक्षा विषय कळलेला माणूस बघा.)

सीएचं स्थान यात तिसरं. बुककीपर किंवा अकाउंटंट म्हणून काम करायला कायद्याने कुठलंही लायसन्स लागत नाही. सीए मात्र १९४९ च्या कायद्याखाली नोंदलेला, आणि ऑडिटवर सही तोच करू शकतो. तुमची उलाढाल एक कोटीच्या वर गेली की प्राप्तिकराचं ऑडिट लागू शकतं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही पैशांतली रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा १० कोटी. काजूच्या खरेदीत तुमची रोख बरीच जात असणार, तेव्हा १० कोटीच्या भरवशावर राहू नका. ऑडिट करणाऱ्या सीएने तुमचे हिशेब स्वतः लिहायचे नसतात. आपणच लिहिलेलं आपणच तपासायचं, त्याला काय अर्थ? तुमच्या सीएंनी अकाउंटंट ठेवा म्हटलं त्यामागे हेही असू शकतं. मार्चनंतर त्यांच्या ऑफिसातली मुलं तुमचं "सस्पेन्स" खातं, म्हणजे कुठे टाकायच्या ते न कळलेल्या नोंदींचा ढीग, निस्तरत बसतात आणि त्याचे पैसे ते तुमच्याकडून घेतातच, फक्त बिलावर तसं लिहीत नाहीत.

एक गोष्ट कुणावरच सोपवू नका. पैसे देण्याचा अधिकार. लिहिणारीकडे बँकेचा पासवर्ड नको, ओटीपीचा फोन नको, सही केलेले कोरे चेक तर नकोतच. मुलगी कितीही चांगली असो, घरच्यासारखी असो. हा अविश्वास नाही, उद्या चार हजार कमी पडले तर तिच्यावर आळ येऊ नये म्हणून. काउंटरची रोख संध्याकाळी दुसऱ्या कुणी मोजावी आणि रोजमेळाच्या आकड्याशी ताडावी. गल्ल्यातून घरखर्चाला पैसे काढता ना? काढा, तुमचेच आहेत, पण चिठ्ठी टाका. रोख न जुळण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण चोरी नसतं, मालकच असतो. टॅलीत एडिट लॉग चालू ठेवा. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे, तुम्हाला नाही, तरी ठेवा. जुनी एंट्री कुणी, कधी बदलली ते दिसतं.

महिन्याची घडी साधारण अशी बसवा. मुलगी पाच दिवस आली तर उत्तम, निदान हंगामात तरी. महिना संपल्यावर ५ तारखेपर्यंत तिच्या एंट्र्या पूर्ण, बँक जुळलेली, साइटची खाती शून्यावर किंवा न येण्याचं कारण लिहिलेलं. टीडीएस कापत असाल तर ७ तारीख. ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला २बी येतो, २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न). (उलाढाल पाच कोटींच्या आत असल्याने तुम्ही तिमाही पद्धत घेतली असेल, तर तारखा वेगळ्या. मला विचाराल तर रिटर्न तिमाही भरलंत तरी हिशेब महिन्याला बंद करा.) अकाउंटंटला १५ ते १८ च्या दरम्यान बोलवा, म्हणजे २बी हातात असतो आणि ३बी जायचा असतो. त्याने जाताना एक पान द्यायचं: खोल्यांचा नफा वेगळा, काजूचा वेगळा, कुणाकडून येणं, कुणाला देणं आणि पुढच्या तीन महिन्यांत बँकेत पैसे पुरतील का. हे पान न देणारा अकाउंटंट तुमच्या मुलीपेक्षा महाग बुककीपर आहे.

राहिला कर्जाचा प्रश्न. आजच्या हिशेबांवर कर्ज मिळेलही, पण कमी मिळेल. बँक तीन वर्षांचे ताळेबंद, जीएसटी रिटर्न आणि खात्याचं स्टेटमेंट शेजारी ठेवते, आणि वर दाखवलं त्या पद्धतीने विक्री कमी लिहिली असेल तर तुमचा धंदा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. दुसरं, जुन्या कर्जाचा आख्खा हप्ता तुमच्या टॅलीत खर्चात टाकलाय का ते आधी बघा. फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल देण्यातून वजा होतं. अख्खा हप्ता खर्चात गेला असेल तर तुमचा नफा वर्षानुवर्षं कमी दिसतोय आणि कर्ज फिटत असूनही ताळेबंदात तेवढंच उभं आहे. आणि चार खोल्यांचा हप्ता जून ते सप्टेंबर कुठून भरणार, हे अकाउंटंटकडून महिनावार मांडून घ्या. पावसाळ्यात कमी आणि हंगामात जास्त असे हप्ते बँकेकडे मागता येतात, पण ते मागायला बारा महिन्यांचा कागद टेबलावर लागतो. यंदाचे साइटचे व्यवहार सुधारून घ्या, झालेला कमी जीएसटी व्याजासह स्वतःहून भरून टाका, आणि अर्ज त्यानंतरचा ताळेबंद हातात आल्यावर टाका.